बी.फार्म.ला आधी रुग्णाचा प्रश्न द्यायचा की आधी पाठ शिकवायचा? (सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजांसाठी चर्चा)

वारणाकाठ

मी सांगली जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. माझं म्हणणं सरळ मांडते. पाचव्या सेमिस्टरचं फार्माकॉलॉजी-२ युनिटच्या क्रमाने शिकवणं थांबवावं आणि निम्मे तास तरी प्रश्नाधारित पद्धतीने, म्हणजे पीबीएलने घ्यावेत. आधी व्याख्यान आणि वेळ उरला तर शेवटी एखादं उदाहरण, असं नको. आधी प्रश्न द्यायचा. मुलांनी आठ-आठच्या गटात तो वाचायचा, काय कळलं आणि काय कळलं नाही ते फळ्यावर लिहायचं, कोणी काय वाचून यायचं ते आपसात वाटून घ्यायचं आणि दोन-तीन दिवसांनी परत बसून उत्तर काढायचं. शिक्षक गटात असतो, पण उत्तर देत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली वैद्यकीय शिक्षणात ही पद्धत आणली. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टने पुढच्या दशकात ती सात पायऱ्यांत बसवली.

मी रचलेली एक केस देते, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार, वय ५८. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी आहे. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत गुडघे दुखायला लागले म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक आणून आठवडाभर घेतलं. त्यातच दोन दिवस जुलाब झाले. आता लघवी कमी झालीय, मळमळतंय आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा आकडा) २.८ आलंय. काय झालं असेल? कुठली गोळी आधी थांबवायला हवी, आणि का?

आता आपला अभ्यासक्रम बघा. बीपीची औषधं पहिल्या युनिटात, डाययुरेटिक्स (लघवी वाढवणारी औषधं, आपल्या केसमधलं हायड्रोक्लोरोथायझाइड) दुसऱ्यात, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं तिसऱ्यात, मधुमेहाची औषधं चौथ्यात. एका माणसाच्या पिशवीतल्या तीन पाकिटांसाठी चार युनिटं. पहिली सेशनल, म्हणजे कॉलेजची अंतर्गत परीक्षा, झाली की मुलं त्यातली युनिटं बाजूला ठेवतात, त्यामुळे ही औषधं त्यांच्या डोक्यात एकमेकांना कधी भेटतच नाहीत. रुग्णाच्या पोटात मात्र ती रोज सकाळी भेटतात.

मूत्रपिंडातल्या गाळणीकडे रक्त आणणारी बारीक धमनी प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते, आणि डायक्लोफिनॅक प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाही. रक्त बाहेर नेणारी धमनी अँजिओटेन्सिनमुळे आवळलेली असते, त्यामुळे गाळणीतला दाब टिकतो; टेल्मिसार्टन तिला सैल करतं. डाययुरेटिकने आणि जुलाबाने अंगातलं पाणी आधीच घटलेलं. असा तिन्ही बाजूंनी गाळणीचा दाब कोसळतो. मग मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारं मेटफॉर्मिन साचायला लागतं. ही साखळी एकदा स्वतः जोडलेला विद्यार्थी ती विसरत नाही. मी व्याख्यानात सांगितलेली विसरतो, हे मी दरवर्षी तोंडी परीक्षेत बघते.

रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणं हे फार्मसिस्टचं काम आहे, असं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी स्पष्ट केलंय. त्या कामाची तयारी आपण कुठल्या तासाला करून घेतो?

बेंझिनरिंग

मॅडम, केस चांगली आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. मी साताऱ्याच्या बाजूला मेडिसिनल केमिस्ट्री शिकवतो.

तुम्ही सांगितलेली साखळी तुम्हाला दिसते, कारण गाळणीच्या आधीची धमनी, नंतरची धमनी, प्रोस्टाग्लँडिन, अँजिओटेन्सिन हे सगळं तुमच्या डोक्यात आधीच जागेवर आहे. पाचव्या सेमिस्टरच्या मुलाकडे ते नसतं. त्याच्यासमोर ही केस ठेवली की एकाच वेळी दहा अनोळखी गोष्टी त्याच्यावर येतात. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६ साली नेमकं हेच मांडलं: नवख्या माणसाची कार्यकारी स्मृती तोकडी असते, त्याला थोडक्या मार्गदर्शनावर सोडलं की त्याची शक्ती शोधाशोधीत खर्च होते आणि शिकायला काही उरत नाही. अनुभवी माणसाचा विचार करण्याचा मार्ग हा नवख्याला शिकवण्याचा मार्ग असेलच असं नाही.

तुम्ही मॅकमास्टरचं नाव घेतलंत. त्याच मॅकमास्टरचे विद्यार्थी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परवान्याच्या परीक्षेत जास्त प्रमाणात नापास व्हायला लागले आणि त्यांना मुलांचं ज्ञान ठरावीक अंतराने तपासणारी प्रगती चाचणी सुरू करावी लागली. हेही सांगायला हवं.

आता आपल्याकडची स्थिती. शंभर मुलांच्या वर्गाचे आठाआठाचे गट केले तर तेरा होतात. तेरा गटांत बसायला तेरा शिक्षक कुठून आणायचे? बऱ्याच ठिकाणी फार्माकॉलॉजीला दोन माणसं असतात, आणि त्यातलं एक नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलींत अडकलेलं असतं. पेपर ७५ गुणांचा. त्यात २० गुण वस्तुनिष्ठ, दहा-दहाची दोन दीर्घोत्तरं आणि पाच-पाचची सात लघुत्तरं. 'डाययुरेटिक्सचं वर्गीकरण लिहून थायझाइड्सची क्रियायंत्रणा स्पष्ट करा' असं विचारलं जातं. तुमच्या बागायतदारांचं क्रिएटिनिन कोणी विचारत नाही. नापास मुलाच्या वडिलांना मी काय सांगू?

जीपॅटची_तयारी

सरांशी सहमत. जीपॅट या एम.फार्म.च्या प्रवेशपरीक्षेला तीन तासांत १२५ प्रश्न असतात आणि चुकलं की गुण कापले जातात. तिथे वर्गीकरण, रचना, मात्रा, दुष्परिणाम हे क्षणात आठवावं लागतं. आमच्या कॉलेजात मागच्या वर्षी एका विषयात गटचर्चा सुरू केली होती. एका प्रश्नावर दोन आठवडे गेले आणि शेवटी दोन युनिटं सुट्टीत ऑनलाइन उरकली. मला एम.फार्म.ला शिष्यवृत्ती मिळवायची आहे, घरून फी निघणार नाही. माझ्यासाठी नीट शिकवलेलं युनिटच बरं.

जतचा_पोरगा

मी डी.फार्म. करून थेट दुसऱ्या वर्षाला आलोय. मधल्या काळात जतला एका मेडिकलमध्ये काम केलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम.

मॅडमची केस वाचताना मला काउंटरवर येणारी तीन-चार माणसं डोळ्यांसमोर आली. बीपीची गोळी रोज नेणारा माणूस आणि 'गुडघ्याची एक स्ट्रिप द्या' म्हणणारा माणूस एकच असतो. बिल वेगळं, दिवस वेगळा, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. वर्गात डायक्लोफिनॅकचे दुष्परिणाम शिकलो तेव्हा वहीत अॅसिडिटी पहिली, किडनी शेवटून दुसरी. मी ती ओळ पाठ केली होती. पण तिचा त्या बीपीवाल्या माणसाशी संबंध आहे हे मला आज, इथे वाचून कळलं.

तरी माझी एक अडचण आहे आणि ती कोणी मांडलेली नाही. गटचर्चा इंग्रजीत होते. आठ जणांतले तीन जण बोलतात, ते इंग्रजी माध्यमाचे असतात. बाकीचे माना हलवतात. मला उत्तर येत असतं, पण वाक्य जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. मग सर म्हणतात, हा मुलगा भाग घेत नाही. व्याख्यानात निदान सगळे सारखे गप्प असतात. पीबीएल आणायचं असेल तर चर्चा मराठीत होऊ द्या. शेवटचं लेखी इंग्रजीत द्यायला आमची हरकत नाही, पेपर इंग्रजीतच आहे हे आम्हाला माहीत आहे.

वारणाकाठ

जतच्या मुलाचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. माझ्या मते गटातली चर्चा मराठीतच व्हायला हवी, आणि त्याचं कारण फक्त सोय नाही. उद्या ही मुलं कवठेमहांकाळला किंवा कोरेगावला काउंटरवर उभी राहणार, तिथे समजावणं मराठीतच होणार. 'ही गोळी लघवी वाढवते, जुलाब लागले तर ती चालू ठेवायची का ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका' हे वाक्य ज्याने वर्गात एकदाही उच्चारलेलं नाही, तो दुकानात कसं उच्चारेल?

सर, तुमच्या मुद्द्यांवर येते. २००६ च्या त्या लेखाला पुढच्याच वर्षी उत्तर दिलं गेलं, आणि त्यातला मुख्य मुद्दा असा की पीबीएल म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणं नव्हे. प्रश्नाची रचना, गटातला शिक्षक, फळ्यावरच्या नोंदी हा सगळा आधारच असतो. मॅकमास्टरबद्दल तुम्ही सांगितलंत ते खरं आहे. पण त्यांनी पीबीएल सोडलं नाही, त्याला चाचणीची जोड दिली. १९९३ साली वैद्यकीय शिक्षणातल्या पीबीएलचे दोन मोठे आढावे आले. मूलभूत विज्ञानाच्या पेपरात पीबीएलची मुलं कधी कधी थोडी मागे आणि रुग्णासमोर पुढे, असा त्यांचा साधारण सूर होता. २००३ च्या एका आढाव्यात कौशल्यांवर ठळक फायदा दिसला; ज्ञान पेपरात किंचित कमी, पण मिळवलेलं जास्त काळ टिकलेलं. फार्मसीपुरते अभ्यास गोळा करणारा आढावा २०१४ साली आला. त्यात मोजकेच अभ्यास होते, पण परीक्षेतले गुण पीबीएलच्या बाजूने होते. एवढ्यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पीबीएलने मुलं नापास होतात ही भीती मात्र त्यातून निघत नाही.

पेपरचं म्हणाल तर ७५ गुण विद्यापीठाचे, पण २५ आपल्या हातात आहेत. त्या २५ मधले १५ सेशनलचे आणि १० सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे. त्या दहात हजेरीला ४, शिक्षकाशी संवादाला ३ आणि क्विझ, असाइनमेंट, गटचर्चा, सेमिनार हे सगळं मिळून ३. हजेरीला विचारापेक्षा जास्त गुण, हे मला खुपतं. पण सेशनलचा ३० गुणांचा पेपर आपणच काढतो ना? त्यातला दहा गुणांचा एक प्रश्न केसवर काढायला आपल्याला कोणी अडवलंय?

साताऱ्याचं_दुकान

माझं साताऱ्यात मेडिकल आहे, वडिलांपासूनचं. मास्तर मंडळींच्या चर्चेत बोलावं का असा विचार केला, पण केसमध्ये 'दुकानातून डायक्लोफिनॅक आणून' असं आहे, तेव्हा बोलायलाच हवं.

डायक्लोफिनॅकची गोळी शेड्यूल एच मध्ये येते. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, हे मला माहीत आहे. आता काउंटरवर काय होतं ते ऐका. माणूस कामावरून थेट आलेला असतो. हातात वीस-तीस रुपये. दवाखान्यात जायचं तर आजचा रोज बुडतो. मी नाही म्हटलं तर तो भांडत नाही, शांतपणे पलीकडच्या दुकानात जातो. तिथे त्याला तीच गोळी मिळते, आणि बीपीची गोळीसुद्धा तो पुढच्या महिन्यापासून तिकडूनच घेतो. म्हणजे त्याच्या सगळ्या औषधांची माहिती असलेला एकमेव माणूस, मी, त्यातून बाहेर पडतो.

तुमच्या केसमध्ये हे कुठे आहे? 'कुठली गोळी आधी थांबवायला हवी' हा डॉक्टरांचा प्रश्न झाला. फार्मसिस्टचा प्रश्न त्याच्या आठ दिवस आधीचा आहे: गुडघे धरून समोर उभ्या असलेल्या माणसाला दोन मिनिटांत काय विचारायचं आणि काय सांगायचं. बीपीची गोळी चालू आहे का, लघवीची गोळी आहे का, हे दोन प्रश्न. तोवर पॅरासिटामॉल, तेही किती आणि किती दिवस ते सांगून. आणि डॉक्टरांना फोन. हे जमणारा मुलगा मला द्या, पगार मी वाढवून देतो.

माझ्याकडे येणारी नवीन मुलं हुशार असतात, मार्कशीट चांगली असते. पण शेड्यूल एच-१ चं (विक्रीची वेगळी नोंद लागणाऱ्या औषधांचं) रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं असतं हे सांगावं लागतं. मिलिलिटर आणि चमचा यांचा हिशेब बाळाच्या आईला समजावता येत नाही. तेव्हा पीबीएल आणा किंवा काहीही आणा, प्रश्न काउंटरच्या या बाजूने लिहा.

वॉर्ड_चार

मी मिरजेत फार्म.डी.ची (रुग्णालयातल्या फार्मसीवर भर असलेल्या सहा वर्षांच्या पदवीची) इंटर्नशिप करतेय, सहावं वर्ष. आम्हाला वॉर्डातल्या केसवर शिकण्याची सवय आहे, त्यामुळे माझं मत पीबीएलच्या बाजूने आहे. पण मॅडम, तुमच्या केसबद्दल एक तक्रार आहे. ती फार स्वच्छ आहे.

खऱ्या रुग्णाबरोबर क्रिएटिनिनचा आकडा सुरुवातीलाच येत नाही. येते एक प्लॅस्टिकची पिशवी. त्यात दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, अर्धी संपलेली पाकिटं, कडेने फाडल्यामुळे नाव गेलेली एक स्ट्रिप आणि कसलंतरी चूर्ण. 'दुखण्याची गोळी घेता का?' विचारलं तर नाही म्हणतात, कारण त्यांच्या हिशेबी ती गोळी औषध नव्हतीच, काम करता यावं म्हणून घेतलेली होती. तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारल्यावर सुनबाई सांगते. फार्म.डी.त आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे विचारायला शिकण्यात. तुम्ही सगळी माहिती एका परिच्छेदात दिलीत की मुलं फक्त जोडाजोडी करणार, शोधणार काहीच नाहीत.

म्हणून केस तुकड्यांत द्या. पहिल्या पानावर फक्त 'मळमळतंय, लघवी कमी झालीय, ही पिशवी'. मुलांनी प्रश्न विचारले तरच डायक्लोफिनॅकचं पान द्यायचं. क्रिएटिनिन त्यानंतर, तेही 'कुठली तपासणी हवी' हे त्यांनी सांगितल्यावर.

बेंझिनरिंग सरांना एक सांगते. प्रत्येक गटाला पूर्णवेळ शिक्षक नसतो तिथे एकच शिक्षक चार-पाच गटांत फिरतो, असंही करतात. गुणवत्ता थोडी उतरते, पण चालतं.

कुपवाड_शिफ्ट

कुपवाड एमआयडीसीत उत्पादन विभागात आहे. सगळी चर्चा रुग्णालय आणि दुकान यांच्याभोवती फिरतेय. आपल्याकडच्या बी.फार्म.पैकी किती तरी मुलं उत्पादनात, क्यूसी-क्यूएमध्ये (गुणवत्ता तपासणी आणि हमी विभागांत) जातात. त्यांचं काय?

माझा रोजचा प्रश्न सांगतो. रात्रपाळीत टॅब्लेट कॅप व्हायला लागली, म्हणजे गोळीची वरची चकती सुटून यायला लागली. नवीन मुलाला विचारलं तर तो पाठ केलेली कारणं सांगतो: फाइन्स (बारीक भुकटी) जास्त, ग्रॅन्युल (दाणे) फार सुकलेले, बाइंडर (दाणे धरून ठेवणारा पदार्थ) कमी, मशीनचा वेग जास्त, पंच झिजलेले. सगळी बरोबर. पण यातलं आत्ता कुठलं, हे कसं ओळखायचं? हा बॅच कालच्या बॅचपेक्षा कशात वेगळा आहे? एलओडी (दाण्यांतला ओलावा) बघितला का? सगळ्या स्टेशनवर होतंय की ठरावीक पंचावरच? वेग कमी करून पाहिलं का, प्री-कॉम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) वाढवून पाहिलं का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची हेही माहीत नसतं, दोन-तीन गोष्टी एकदम बदलतात आणि मग कशामुळे थांबलं ते कोणालाच कळत नाही. डेव्हिएशनचा (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या फरकाचा) तपास लिहायला दिला की 'ऑपरेटरची चूक, प्रशिक्षण दिले' एवढं लिहून मोकळे.

फार्मास्युटिक्स आणि अॅनालिसिसलाही पीबीएल हवं, आणि त्याला रुग्णालय लागत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण गेले, चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. त्याच रसायनाने १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या औषधातून शंभरावर बळी घेतले होते. 'तुम्ही क्यूसीत आहात, ग्लिसरीनचे ड्रम आले आहेत, कागद सगळे बरोबर आहेत, तुम्ही काय तपासाल आणि कुठल्या ड्रममधून?' असा प्रश्न मुलांसमोर ठेवा. ओळख चाचणी प्रत्येक ड्रमची का करायची, हे एका तासात कळेल. सातव्या सेमिस्टरला प्रॅक्टिस स्कूलचे (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे) १५० तास आहेतच. बऱ्याच ठिकाणी ते अहवाल छापून बाइंड करण्यात जातात.

बेंझिनरिंग

कुपवाडच्या मित्रांनी माझीच बाजू मांडली, असं मला वाटतं. नवीन मुलाला पाच कारणं पाठ होती म्हणून तर 'यातलं कुठलं' हा प्रश्न विचारता आला. ती पाच कारणं कोणीतरी आधी नीट शिकवली होती. ज्याला एकही माहीत नाही, त्याच्यासमोर चालतं मशीन ठेवून काय होणार?

मी केस दाखवण्याच्या विरोधात नाही. विरोध आहे तो केसने सुरुवात करण्याला. मॅडमच्याच केसमधलं मेटफॉर्मिन घ्या. ते का साचतं? बायग्वानाइड या रासायनिक वर्गातलं असल्याने ते शरीरात धनभारित राहतं, यकृतात मोडत नाही, मूत्रपिंडातून जसंच्या तसं बाहेर पडतं. हे रचनेवरून समजलेलं असेल तर मूत्रपिंड बिघडल्यावर काय होणार हे मुलगा स्वतः सांगेल. पण रचना गटात बसून आपोआप उमगत नाही. फळ्यावर काढून, भार कुठे बसतो ते दाखवून शिकवावी लागते. पीबीएलच्या तासाला मुलं मोबाइलवर शोधून 'मेटफॉर्मिन किडनीतून बाहेर पडतं' एवढं वाक्य आणतील, आणि 'का' तिथेच राहील.

दुसरं, गटातल्या कच्च्या मुलाची मला काळजी आहे. व्याख्यानात तो मागच्या बाकावर असतो, पण माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो. गटात त्याचं काम दुसरा करतो आणि गुण दोघांना सारखे मिळतात. जतच्या मुलाने भाषेचं सांगितलं, ते फार महत्त्वाचं आहे. पण भाषा सोडवली तरी तयारीतला फरक उरतोच. आपल्याकडे जत-आटपाडी, माण-खटावकडून येणाऱ्या मुलाला कॉलेज हीच एकमेव शिकवणी असते. त्याला सांगायचं की तू आपलं आपण वाचून ये? शिकवणं ही माझी जबाबदारी आहे, ती मी त्याच्यावर ढकलणार नाही.

जतचा_पोरगा

सर, तुम्ही आमची काळजी करता हे कळतं, पण एक सांगू का? मागच्या बाकावर तुमचा आवाज पोचतो, समजतं असं नाही. व्याख्यान संपल्यावर आम्ही होस्टेलवर पाच-सहा जण बसतो आणि एकमेकांना मराठीत समजावतो, तेव्हा अर्धं कळतं. ते तासाला होऊ द्या एवढंच मागणं आहे. तिथे चुकीचं समजावलं तर दुरुस्त करायला तुम्ही असाल. होस्टेलवर कोणी नसतं.

आणि कच्च्या मुलाचं: गटात बसण्याआधी प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या, आपापलं. मग कोणी वाचून आलंय आणि कोणी नाही ते तिथेच दिसेल.

वारणाकाठ

सगळ्यांचं वाचून मी माझा आराखडा बदलते. दुकानदारांनी केसचा काळ आठ दिवस मागे नेला आणि ते योग्यच आहे. प्रश्न आता 'गुडघ्याची गोळी द्या' इथून सुरू होईल. इंटर्नच्या सांगण्याप्रमाणे ती चार पानांत तुटक देणार. दर आठवड्याला विषयाचे तीन तास व्याख्यानाचे आणि एक ट्युटोरियलचा असतो. तो ट्युटोरियल बहुतेक वेळा पोर्शन पूर्ण करायला जातो, तो मला पीबीएलला हवा आहे. निम्मे तास मिळण्याची वाट न बघता त्या एका तासाने सुरुवात करते. वर्गात चार भिंतींना चार फळे, मी फिरणार. आत येताना प्रत्येकाचं एक पान. सेशनलला दहा गुणांची केस. चर्चा मराठीत.

जीपॅटवाल्या मुलाला एवढंच सांगते की एका प्रश्नावर दोन आठवडे घालवून युनिटं सुट्टीत उरकायची असतील तर तेही चालणार नाही. प्रश्न आठवड्यात संपलाच पाहिजे, नाहीतर तो प्रश्न वाईट लिहिलेला आहे.

क्रमावर मात्र मी हटणार नाही, सर. आधी प्रश्न. कारण मुलाला 'हे मला का कळत नाही' असं वाटल्यावर तुम्ही फळ्यावर काढलेली रचना तो ज्या डोळ्यांनी बघेल, त्या डोळ्यांनी आधी बघणार नाही.

पुढची केस चौथ्या सेमिस्टरसाठी लिहितेय. द्राक्षबागेत बिनमास्क फवारणी करून आलेला तरुण, तोंडाला फेस, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडतायत. अॅट्रोपिन दिल्यावर लाळ थांबली, छाती मोकळी झाली, पण हातापायात जोर नाही. का? अॅसिटिलकोलीनचे दोन प्रकारचे रिसेप्टर या एका प्रश्नात येतात. अभ्यासक्रमात स्वायत्त मज्जासंस्था चौथ्या सेमिस्टरला आहे आणि ऑरगॅनोफॉस्फरस (अशा कीटकनाशकांची) विषबाधा सहाव्याला. मधलं एक वर्ष मला वाया जाऊ द्यायचं नाही. मसुद्यावर सूचना द्या.

वॉर्ड_चार

अॅट्रोपिन पुरेसं झालं हे कशावरून ठरवायचं, हा प्रश्न घाला. मुलं बाहुल्यांकडे बघतात. बघायचं असतं छातीतला स्राव थांबला का, ते.

साताऱ्याचं_दुकान

आणि त्या तरुणाने आधीच्या दिवशी तुमच्या दुकानात येऊन 'डोकं दुखतंय, मळमळतंय' म्हणून गोळी मागितली होती, असं पहिलं पान करा. त्याला 'फवारणी केली का?' हे कोणी विचारलं का, ते मुलांना शोधू द्या.

बेंझिनरिंग

या केसमध्ये प्रॅलिडॉक्सिम (या विषावरचं उताऱ्याचं औषध) आलंच पाहिजे, आणि ते लवकर का द्यायचं हेही. विष अॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइममधल्या सेरीनच्या ऑक्सिजनला फॉस्फरसने धरतं. सुरुवातीला प्रॅलिडॉक्सिम तो फॉस्फरस ओढून काढू शकतं. काही काळाने फॉस्फरसवरचा एक अल्काइल गट गळतो, बंध घट्ट होतो आणि मग ते औषध काही करू शकत नाही. डायमिथाइल गटाच्या कीटकनाशकांत हे थोड्या तासांत होतं, डायइथाइलमध्ये त्याला बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे बाटलीवरचं नाव विचारणं किती महत्त्वाचं, हे रसायनशास्त्रातून कळतं.

मसुदा पाठवा, रचना मी काढून देतो. आमच्याकडेही ही केस घेऊ. पण फॉस्फरसचा तास मी सोमवारी आधी घेणार आणि केस गुरुवारी देणार. तुम्ही उलट करा. दोन्ही वर्गांना सेशनलला एकच प्रश्न घालू आणि उत्तरपत्रिका एकमेकांकडे तपासायला देऊ.